सहावा घाणा

फॅक्टरी इन्स्पेक्टर राघवेंद्रराव प्रयोगशाळेत आले आणि चहाला नाही म्हणाले, तिथेच काहीतरी बिनसलंय हे विनोदिनीला कळलं. आदिलाबादच्या कॉलेजात ती नऊ वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होती. या गृहस्थांनी कुणाच्या चहाला नाही म्हटल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. आत जळालेल्या तांब्याच्या तारांचा गुंता होता आणि त्यात अडकलेल्या तीन काळ्या गोळ्या, तुरीच्या डाळीएवढ्या.

"तुमच्याच नं, मॅडम?"

"माझ्याच," ती म्हणाली.

बारा दिवसांपूर्वी नार्नूर रस्त्यावरच्या कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात मोटार तापून आतल्या तारांचं वाइंडिंग जळालं होतं. भोवती रुईचा खच. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच भडका उडाला. मशीनमागे चंदा नावाची बाई झाडत होती, ती गेली. मोटारीवर ऑपरेटर होता तिचा नवरा, संघपाल. तिला ओढून काढताना त्याचे दोन्ही हात भाजले. आता त्याच्याच नावाने गुन्हा नोंदला होता. तो जामिनावर होता.

"आता गोष्ट अशी हाये," राघवेंद्रराव म्हणाले. ते मूळचे वांकिडीकडचे. कचेरीत तेलुगू आणि हिंदी बोलत, मराठी माणूस दिसला की गावच्या बोलीवर येत. "मोटार तापली तर रिलेनं तिले बंद पाडाले पाह्यजे. पाडली नाई. म्हंजे एक तर तुमच्या गोळ्या निकामी, नाई तर संघपालनं तार मारली. पॅनलचा कोळसा झाला, तिथं पुरावा काईच नाई. पन मागच्या सीझनले त्यानं तार मारली व्हती, हे मालकानं बयानात लिहून देल्लं."

तार मारणं म्हणजे रिलेची दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडून टाकायची. मग मोटार कितीही तापो, रिले गप्प. मशीन वारंवार बंद पडायला लागलं की ऑपरेटर हा उद्योग करतात, मालक तिकडे काणाडोळा करतात, आणि काही झालं की मालकाला एकदम कायदा आठवतो.

"तुमी फक्त एक ओळ लिहून द्या, का गोळ्या तपासून देल्ल्या व्हत्या, चांगल्या व्हत्या. पंचनामा बंद करतो."

"उद्या देते," विनोदिनी म्हणाली. आज का नाही, हे त्यांनी विचारलं नाही. एवढ्या शिकलेल्या बाईने तपासल्याशिवाय गोळ्या दिल्या असतील, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

या गोळ्या म्हणजे विनोदिनीचं सगळ्या जिल्ह्यात झालेलं कौतुक. बेरियम टायटनेट नावाची पांढरी भुकटी दाबून तिच्या गोळ्या करायच्या आणि तेराशे अंशांच्या भट्टीत भाजायच्या. मुळात ही चिनी मातीची भावंडं, वीज वाहून न नेणारी. पण बेरियमच्या जागी चिमूटभर लँथॅनम बसवलं की एकेक इलेक्ट्रॉन मोकळा सुटतो आणि वीज वाहू लागते. खरी करामत त्याच्या पुढे आहे. भाजलेली गोळी म्हणजे एकमेकांना चिकटलेले असंख्य बारीक दाणे. भट्टीच्या आचेत स्फटिकातला ऑक्सिजन निघून जातो, त्याच्या जागा रिकाम्या राहतात. भट्टी सावकाश निवू दिली तर हवेतला ऑक्सिजन दाण्यांच्या कडेकडेने परत आत शिरतो, त्या रिकाम्या जागा भरतो, आणि दोन शेतांमध्ये धुरा असावा तसा दाण्यादाण्यांमध्ये बांध तयार होतो. गोळी थंड असताना हा बांध विजेला अडवत नाही. एकशेवीस अंशांच्या वर गेली की असा उठतो की वीज जवळपास थांबते. मोटारीच्या वाइंडिंगमध्ये तीन गोळ्या बसवल्या की मोटार तापल्याचं रिलेला कळतं ते त्यामुळेच.

हा बांध पडायला भट्टीला निवायचे दहा तास द्यावे लागतात. घाईने थंड केली तर बांध होतच नाही. गोळी दिसायला तशीच असते, थंड असताना मोजली तर उलट जास्तच चांगली वाटते. फक्त तापल्यावर काहीच करत नाही.

हे विनोदिनीला कुणी शिकवायची गरज नव्हती. हैदराबादला पीएचडी करताना तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण याच्यावरच होतं, चौऱ्याऐंशी पानांचं.

आणि तरीही तिने काय करावं? गेल्या फेब्रुवारीत विज्ञान दिनाला कॉलेजात पाहुणे आले. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. मग प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमची भट्टी चालूच आहे ना? दाखवा की साहेबांना." भट्टीत गोळ्यांचा सहावा घाणा होता. घाणा हा शब्द प्रयोगशाळेतल्या पंढरीमामांचा. भज्यांचा असतो तसा त्यांचा गोळ्यांचाही घाणा असे. भट्टी नुकतीच निवायला लागली होती, आकडा बाराशेच्या वर होता. 'आत्ता उघडता येत नाही, सर,' हे पाच शब्द तिच्या जिभेवर होते. पण समोर कॅमेरे होते, पाहुणे माना उंचावत होते, आणि आपल्या हातात जे आहे ते एकदा तरी लोकांनी पाहावं असं तिला नऊ वर्षं वाटत होतं. तिने हातमोजे चढवले, दार उघडलं आणि लांब चिमट्याने लालभडक तबक बाहेर काढलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो असा झकास आला की प्राचार्यांनी तो फ्रेम करून स्टाफरूममध्ये लावला.

चाळीसपैकी चार गोळ्या तडकल्या, त्या तिने टाकल्या. बाकीच्या छत्तीसही टाकायला हव्या होत्या. 'तेल-चाचणीत कळेलच,' असं तिने स्वतःला सांगितलं.

तेल-चाचणी पंढरीमामा करत. एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेला हा माणूस दहावी नापास होता, पण मोजमापात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तेलात गोळी बुडवायची, तेल तापवायचं आणि मीटरवरचा आकडा वहीत लिहायचा. मार्चमध्ये एक दिवस परीक्षेच्या गडबडीत ते तिच्या टेबलाशी आले. "बाई, सहाव्या घाण्याचा आकडा चढूनच नाई राह्यला. तेल एकशेसाठवर गेलं, तरी हाये तिथंच."

ती उत्तरपत्रिकांतून मानही वर न करता म्हणाली, "मामा, मीटरचा सेल गेला असेल. पाचव्या घाण्याचेच आकडे लिहून टाका. कृती तीच आहे."

त्यांनी पाचव्याचे आकडे वहीत उतरवले. सही त्यांनी केली.

ऑगस्टमध्ये वाइंडिंगवाल्या जयदीपने मोटारींचं वाइंडिंग नव्याने भरताना बसवायला चोवीस गोळ्या नेल्या. आठ मोटारी. बारा गोळ्या बरणीत उरल्या.

राघवेंद्ररावांची जीप फाटकाबाहेर पडते न पडते तोच संघपाल आला. कोपरापर्यंत पट्ट्या, शर्टाच्या बाह्या कापलेल्या. पस्तिशीचा असेल, पण दाराची चौकट धरून उभा राहिला तो म्हाताऱ्यासारखा. विनोदिनीने खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"मॅडम, सायेबानं सांगतलं, तुमी कागद लिहून देनार हा. म्हनून आलो. माहा एक शब्द लिहा त्याच्यात. तार नव्हती."

"संघपालभाऊ, मी तिथं नव्हते ना. मी कसं लिहू?"

"मागच्या सीझनले मारली व्हती, खोटं काऊन बोलू? तवाच्या गोळ्या घडीघडी मोटार बंद पाडे, मालक शिव्या दे. चंदा माह्यावर लय चिडे. म्हने, कोनी मरन एखांद्या दिवशी." तो चौकटीला टेकला. "मंग तुमच्या गोळ्या बसल्या. अख्ख्या सीझनमध्ये एकदा बी मोटार बंद नाई पडली, मॅडम. एकदा बी नाई! मी समद्यायले सांगो, गोळ्या पाह्यजे तर कॉलेजच्या मॅडमच्या. चंदा तं सीझनच्या सुरुवातीलेच म्हने, नव्या गोळ्या हाये, आता तरी काढ थे तार. मी काढली. पुन्यांदा लावशीन म्हनून तिनं थे तार घरी नेली."

विनोदिनीला त्या 'एकदा बी नाई'चा अर्थ कळला. जिनिंगमधली, रुईने गुदमरलेली मोटार. अख्खा सीझन, आणि एकदाही नाही. तिच्या गोळ्यांचं इतकं वाईट कौतुक दुसऱ्या कुणी केलं नसतं.

"माही सासू विमलबाई पोरीले घेऊन गेली," संघपाल सांगत होता. "सा वर्षाची हाये भाग्यश्री. म्हने, ज्यानं बायकोले जाळलं त्याच्यापाशी पोर नाई ठेवत. मी लय सांगतलं, तार काढली व्हती. कोनी मानून नाई राह्यलं. आता तर मलेच वाटते, काढली का नाई काढली? सपनात पाह्यतो तर तार तिथंच असते." त्याने पट्ट्या बांधलेले हात जोडायचा प्रयत्न केला. "तुमच्या गोळ्या चांगल्या व्हत्या, हे लिहाच. पन तार नव्हती, हे बी लिहा."

दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, हे त्या बिचाऱ्याला कुणी समजावलं नव्हतं. विनोदिनीनेही समजावलं नाही. "बघते," एवढंच ती म्हणाली, आणि तो गेल्यावर आपल्या त्या शब्दाची तिला शिसारी आली.

दुपारी तीनला तिने तेलाचं भांडं शेगडीवर चढवलं. पंढरीमामा न बोलवता आले आणि सहाव्या घाण्याची बरणी समोर ठेवून स्टुलावर बसले. पहिली गोळी. शंभर अंशांना अडतीस ओहम. एकशेवीसला अडतीस. एकशेचाळीसला एकोणचाळीस. एकशेसाठला तेल धुरावलं, आकडा चाळिसावर होता. तिने तेच मीटर, तीच टोकं पाचव्या घाण्याच्या गोळीला लावली. एकशेतीसच्या आतच आकडा हजारांत गेला, मग लाखात. मीटर ठणठणीत होतं. मार्चमध्येही ते ठणठणीतच होतं.

तिने बाराच्या बारा गोळ्या तपासल्या. एखादी तरी चढेल, एखादीने तरी लाज राखावी, असं तिला वाटत होतं. एकही चढली नाही. ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या त्या रिकाम्याच होत्या, जशा त्या चौथ्या प्रकरणात असायला हव्यात तशाच.

प्रयोगशाळेत जळक्या तेलाचा वास भरला होता. मग पंढरीमामा उठले, कपाटातून खलबत्ता आणला आणि टेबलावर ठेवला.

"बाई, कुटून टाकू का?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारा थट्टा करत नव्हता.

"जळालेल्या तीन गोळ्या कोनी तपासू शकत नाई. ह्या बारा गेल्या का झालं. मी कोनाले सांगनार नाई. वहीत सही माही हाये, थे मी पाहून घेईन. मे महिन्यात तं रिटायरच होतो."

आणि खरं सांगायचं तर विनोदिनीच्या मनात 'हो' आलं. नुसतं आलं नाही, चांगलं ठाण मांडून बसलं. नोकरी, नाव, हैदराबादच्या गाइडचं तोंड, गावातल्या लोकांचं तोंड, सगळं त्या खलबत्त्यात मावत होतं. दहा मिनिटांचं काम. भुकटी मोरीत. संघपालला फार तर दोन वर्षं होतील, तीही कदाचित होणार नाहीत, असे खटले काय वर्षानुवर्षं चालतात. हे सगळं तिने मनात मांडलं आणि एवढ्या सफाईने मांडता येतं याचं तिलाच नवल वाटलं. मग तिला आठवलं की बाकीच्या सात मोटारी या घटकेला चालू आहेत. त्यांच्यामागेही कुणीतरी झाडत असेल.

"मामा, खलबत्ता ठेवा आत," ती म्हणाली आणि जयदीपला फोन लावला. त्याने वही काढून सात जिनिंगची नावं वाचली. तिने प्रत्येक ठिकाणी मोटार बंद करायला सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाली, "माझ्या गोळ्या खराब आहेत." पहिल्यांदा तिला ते दोनदा सांगावं लागलं, सातव्या वेळेपर्यंत ते वाक्य तोंडात बसलं.

मग तिने कागद घेतला. भट्टी कधी उघडली, का उघडली. मामांनी काय सांगितलं, तिने काय उत्तर दिलं. आकडे मामांच्या हातचे, हुकूम तिचा. एक ओळ मागितली होती, ती दोन पानं झाली.

राघवेंद्ररावांनी दुसऱ्या दिवशी ती उभ्यानेच वाचली, मग बसून पुन्हा वाचली.

"मॅडम, येवढं लिहाची जरूरत काय? जळालेल्या गोळ्या तपासता येत नाई, असं लिहा. खोटं बी नाई. तुमी बी सुटता."

"आणि संघपाल?"

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "त्याचं काय, केस चालन."

"मग असंच राहू द्या."

त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. जाताना स्टाफरूमच्या दारातून त्यांची नजर त्या फोटोवर गेली.

कागद कचेरीत गेला म्हणजे पोर घरी आली असं होत नाही. विमलबाईला कागद वाचता येत नव्हता, आणि कचेरीवर तिचा विश्वास नव्हता. म्हणून रविवारी विनोदिनी संघपालला घेऊन नार्नूरपलीकडच्या तिच्या वस्तीवर गेली. वाटेत बसमध्येच तिने त्याला सगळं सांगितलं. तो खिडकीशी बसला होता. दोन स्टॉप गेल्यावर त्याने फक्त विचारलं, "म्हंजे तार म्या काढली व्हती?"

"काढली होती."

"पक्कं?"

"तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. आणि तार असती तरी आणि नसती तरी, मोटार थांबलीच नसती."

त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. उतरेपर्यंत त्याचे खांदे हलत होते. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

विमलबाई अंगणात सरपणासाठी कापसाच्या वाळक्या पराट्या मोडत बसली होती. जावयाला पाहून तिने तोंड फिरवलं. विनोदिनी बसली नाही, तिने पाणी मागितलं नाही. दोन पानांचं तिने चार वाक्यांत सांगितलं. त्याच्याहून सोपं तिला करता आलं नाही, आणि करायचंही नव्हतं.

विमलबाईच्या हातातली पराटी तशीच राहिली. "तुमाले कोनी सांगतलं नव्हतं, का गोळी खराब हाये?"

"सांगितलं होतं."

"मंग?"

"मी म्हणाले, मीटर खराब आहे."

"पाह्यलं व्हतं का मीटर?"

"नाही."

विमलबाई उठली, घरात गेली. आतून तिचा पोरीशी बोलण्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात भाग्यश्रीचं दप्तर होतं. एका बाजूचा पट्टा तुटलेला, आणि तो लाल वेष्टणाच्या तारेने आवळून बांधलेला. मागोमाग पोरगी आली आणि बापाचे पट्ट्या बांधलेले हात बघून दारातच थांबली.

"दिवाळीच्या टायमाले चंदानं बांधून देल्लं व्हतं," विमलबाई म्हणाली. "मी म्हनलं, तार कुठची आनली? हासली अन् म्हने, याच्या कामाची आता नाई राह्यली." तिने दप्तर जावयापुढे धरलं. "हेच का थे?"

संघपालने तारेला बोट लावलं आणि मान हलवली. मग तो तिथंच मातीत बसला.

विमलबाईने पोरीच्या पाठीला हात लावून तिला पुढे ढकललं. भाग्यश्री गेली आणि बापाच्या खांद्याला टेकून उभी राहिली.

विनोदिनी अजून उभी होती. आपण आता जावं की नाही, हे तिला कळत नव्हतं. विमलबाई तिच्याजवळ आली. शिवी येईल, हात उठेल, असं विनोदिनीला वाटलं. आला असता तर बरंच झालं असतं.

"माह्या पोरीनं तार काढाले लावली," विमलबाई म्हणाली, "काऊन का तुमच्या गोळ्या चांगल्या हाये म्हने."

मग ती परत पराट्यांपाशी बसली आणि मोडायला लागली.